ग्राफिक्स कार्ड बदलले, तरी फ्रेम वाढत नाहीत : अडचण ड्रायव्हरची की प्रोसेसरची?

धायरीफाटा (प्रश्न)

नमस्कार. अलीकडेच मी जुने जीटीएक्स १६६० सुपर काढून त्याच्या जागी आरटीएक्स ४०६० बसवले. बाकीचा संगणक तोच आहे : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार रॅम स्लॉट असलेला मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, विंडोज ११ आणि १४४ हर्ट्‌झचा १०८०पी मॉनिटर. नवीन कार्ड बसवल्यावर मोठा फरक पडेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गोळीबार एकत्र आला की पूर्वीइतकेच फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) मिळतात, आणि सायबरपंक २०७७ मध्ये बाजाराच्या गर्दीत शिरल्यावर चित्र अडखळते. त्या वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि प्रोसेसरचाही वापर निम्म्याच्या वर जात नाही. दोघांपैकी कोणीच पूर्ण ताकदीने काम करत नसेल, तर खेळ नेमका कशासाठी खोळंबतो, हे मला कळत नाही.

तापकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून कार्ड घेतले, तेथील गृहस्थांचे म्हणणे असे की ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणारे सॉफ्टवेअर, नीट बसलेला नाही, विंडोज नव्याने टाकावी. कोथरूडचा माझा मित्र म्हणतो की प्रोसेसर जुना झाला आहे, तो बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. हाताशी साधारण बारा-पंधरा हजार रुपये आहेत, पण ते चुकीच्या ठिकाणी खर्च होऊ नयेत असे वाटते. ड्रायव्हर आणि प्रोसेसर यांचा खेळाच्या वेगाशी नेमका संबंध काय, आणि दोष कुठे आहे हे पैसे खर्च करण्याआधी कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुठाकाठ

दुकानदार आणि मित्र हे दोघे वेगवेगळ्या गोष्टी सांगत आहेत असे वरवर वाटते खरे, पण ड्रायव्हरचे बरेचसे काम प्रोसेसरवरच चालते, हे एकदा लक्षात घेतले की दोन्ही म्हणणी एकाच साखळीतली आहेत असे दिसेल.

एक फ्रेम तयार होताना आधी खेळाचे इंजिन प्रोसेसरवर आपला हिशेब करते : तुम्ही कोणते बटण दाबले, गोळी कुठे लागली, गर्दीतला प्रत्येक माणूस पुढचे पाऊल कुठे टाकणार, आणि या सगळ्यातले काय काय कॅमेऱ्याला दिसणार. त्यानंतर 'ही वस्तू काढ, ती वस्तू काढ' अशा हजारो सूचना डायरेक्टएक्स किंवा वल्कन या खेळ आणि ड्रायव्हर यांच्यातल्या दुव्यांमार्फत ड्रायव्हरकडे जातात. ड्रायव्हर त्या सूचना तपासतो, त्या विशिष्ट कार्डाला समजेल अशा आज्ञांमध्ये त्यांचे रूपांतर करतो आणि मगच त्या कार्डापुढे ठेवतो. ही तपासणी आणि हे रूपांतर कार्डावर होत नाही, प्रोसेसरवर होते. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला, तरी स्वयंपाकघरातून पातेले बाहेर आल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. तुमचे ४०६० नेमके त्या वाढप्यासारखे पातेल्याची वाट पाहत उभे आहे, आणि पन्नास-साठ टक्के या आकड्याचा अर्थ तेवढाच आहे.

आता प्रोसेसरचा वापरही निम्माच का दिसतो? तुमच्या २६०० मध्ये सहा कोअर (स्वतंत्र गणनकेंद्रे) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा) आहेत. एक थ्रेड पूर्ण क्षमतेने चालला, तरी एकूण वापरात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. खेळाचा मुख्य थ्रेड आणि ड्रायव्हरकडे सूचना पोचवणारा थ्रेड हे दोनच जरी घाईला आलेले असले, तरी बाकीचे थ्रेड रिकामे असल्यामुळे सरासरी कमी येते. शिवाय विंडोज एकच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते, त्यामुळे कोणताही एक कोअर सतत शंभर टक्क्यांवर दिसेलच असे नाही. म्हणूनच 'प्रोसेसर निम्माच वापरला जातो, म्हणजे तो पुरेसा आहे' हा निष्कर्ष खेळांच्या बाबतीत मुळीच विश्वासार्ह नाही.

खात्री करून घेण्यासाठी एक साधी चाचणी आहे. ज्या ठिकाणी खेळ अडखळतो, तिथेच उभे राहून रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. काढायचे पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचे काम हलके झाले. तरीही फ्रेम वाढले नाहीत, तर अडथळा कार्डाच्या आधी आहे. याहून बारकाईने पाहायचे असेल, तर इंटेलचे प्रेझेंटमॉन हे मोफत साधन वापरा. त्यात 'जीपीयू बिझी' नावाचे मोजमाप आहे. एका फ्रेमला एकूण १४ मिलिसेकंद लागत असतील आणि कार्ड त्यातले सातच मिलिसेकंद कामात असेल, तर उरलेला अर्धा वेळ ते रिकामे बसलेले आहे, हे समोर आकड्यांत दिसते. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरला पुरे पडायचे असेल, तर प्रत्येक फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, आणि ही मुदत प्रोसेसर, ड्रायव्हर आणि कार्ड या तिघांनाही सारखीच लागू असते.

कसबेकर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे ड्रायव्हरविषयी थोडे अधिक लिहितो, कारण 'विंडोज नव्याने टाका' हा सल्ला फार सहज दिला जातो आणि त्यात ग्राहकाचा एक अख्खा दिवस वाया जातो.

तुमचे आधीचे आणि आताचे, दोन्ही कार्ड एनव्हिडियाचे आहेत. अशा वेळी नवीन ड्रायव्हर बसवताना 'क्लीन इन्स्टॉलेशन' या पर्यायावर खूण केली, की बहुतेक वेळा तेवढे पुरते. एएमडीच्या कार्डावरून एनव्हिडियाकडे किंवा उलट जाताना मात्र डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे ज्याला सगळे डीडीयू म्हणतात ते साधन, सेफ मोडमध्ये चालवून जुन्याचा मागमूस पुसून टाकणे चांगले. ते करताना इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर तुम्ही एकीकडे पुसत असता आणि विंडोज अपडेट दुसरीकडे आपल्याजवळचा जुना ड्रायव्हर गुपचूप बसवत असते.

दुसरी गोष्ट शेडरची. प्रकाश, पाणी, धूर यांचे हिशेब करणारे हे छोटे प्रोग्रॅम खेळासोबत मधल्या स्वरूपात येतात आणि तुमच्या कार्डाला कळणाऱ्या भाषेत त्यांचे अंतिम रूपांतर ड्रायव्हर करतो, तेही पुन्हा प्रोसेसरवरच. एकदा केलेले रूपांतर डिस्कवर साठवून ठेवले जाते, पण ड्रायव्हर बदलला की तो साठा सहसा निकामी होतो आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या एक-दोन सामन्यांत खेळ अडखळला, म्हणून लगेच ड्रायव्हरला नावे ठेवू नयेत. थोडे खेळून मगच मत बनवावे. तीच जागा दुसऱ्यांदा पार करताना खेळ सुरळीत चालला, तर तो शेडरचा खोळंबा होता. दर वेळी त्याच गर्दीत अडखळत असेल, तर तो प्रोसेसरचा ताण आहे. सायबरपंकच्या बाबतीत तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकारात बसते.

आता मूळ मुद्दा. प्रोसेसरवर पैसे खर्च करण्याआधी रॅम तपासा. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर वेग किती दाखवतो ते पाहा, आणि सीपीयू-झेड या साधनात रॅम एका चॅनलवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावर) चालते की दोन, तेही पाहा. दोन रॅम शेजारीशेजारी लावलेले आणि बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी निवड) बंद ठेवलेले संगणक माझ्याकडे सतत येतात. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम लावायच्या असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. पहिल्या आणि दुसऱ्यात लावल्या, तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. डीडीआर४ २१३३ च्या वेगाने एकाच चॅनलवर चालली, तर सेकंदाला साधारण १७ जीबी माहिती ये-जा करू शकते. तीच रॅम २९३३ वर दोन चॅनलने चालवली, तर हा आकडा सुमारे ४७ जीबीपर्यंत जातो. मुद्दाम २९३३ म्हणतो, कारण २६०० चा अधिकृत पाठिंबा तेवढ्यापर्यंतच आहे. ३२०० वर संगणक स्थिर राहिला तर उत्तमच, पण न राहिल्यास रॅम सदोष आहे असे समजू नये. रायझनमध्ये कोअरच्या दोन गटांना जोडणारा अंतर्गत मार्गही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे इथे हा फरक अधिकच जाणवतो.

धायरीफाटा

दोघांचेही मनापासून आभार. कॅबिनेट उघडून पाहिले, तर दोन्ही रॅम प्रोसेसरच्या लगतच्या पहिल्या दोन स्लॉटमध्येच होत्या आणि टास्क मॅनेजर वेग २१३३ दाखवत होता. ज्यांनी संगणक जोडून दिला, त्यांनी तो तसाच दिला होता आणि इतकी वर्षे तो तसाच चालत होता. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या आणि एक्सएमपी चालू केले. ३२०० वर संगणक मधूनच बंद पडू लागला, म्हणून वेग २९३३ वर आणला. आता तो व्यवस्थित चालतो.

फरक निश्चित पडला आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये धुराच्या वेळी होणारी घसरण बरीच कमी झाली. सायबरपंकमध्ये मात्र गर्दीत अजूनही खटके बसतात, विशेषतः रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांच्या हिशेबाने उजेड-सावल्या दाखवण्याची पद्धत) चालू असताना. रिझोल्युशन ७२० वर आणून पाहिले. बाजारात फ्रेम जवळपास तेवढेच राहिले. डीएलएसएस 'क्वालिटी' वरून 'परफॉर्मन्स' वर नेले, तरीही काही बदलले नाही. याचा अर्थ प्रोसेसरच बदलावा लागेल का? आणि 'सायबरपंक डायरेक्टएक्स १२ वर चालतो, त्यात प्रोसेसरचे ओझे कमी असते' असे जे सगळीकडे वाचायला मिळते, ते मग खरे नाही का?

हिंजवडीमार्ग

डीएलएसएसने फरक पडला नाही, हेच अपेक्षित होते. डीएलएसएस कमी पिक्सेलांवर चित्र तयार करून ते मोठे करते, म्हणजे हलके होते ते कार्डाचे काम. प्रोसेसरचा हिशेब जितका होता तितकाच राहतो. रे ट्रेसिंगचे तर उलटच आहे. प्रकाशकिरण कॅमेऱ्याबाहेरच्या वस्तूंवरही आदळू शकतात, त्यामुळे एरवी वगळता आल्या असत्या अशा वस्तूंचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि हालचाल करणाऱ्या गर्दीसाठी ती सगळी रचना प्रत्येक फ्रेमला अद्ययावत करण्यात प्रोसेसरही गुंततो. तुम्ही रे ट्रेसिंग बंद केले आणि सेटिंगमधली गर्दीची घनता एक पायरी खाली आणली, तर आहे त्या प्रोसेसरवरही खेळ बराच सुसह्य होईल. एकट्याने खेळायच्या खेळांत फ्रेम जनरेशनचाही उपयोग आहे, कारण मधले फ्रेम कार्ड स्वतः तयार करते आणि त्यासाठी खेळाचा हिशेब पुन्हा करावा लागत नाही. हालचाल डोळ्यांना गुळगुळीत दिसते. माउसला मिळणारा प्रतिसाद मात्र त्यामुळे जलद होत नाही.

डायरेक्टएक्स १२ विषयीचा तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि इथे मी वरील दोघांच्या लिखाणात भर घालू इच्छितो. डायरेक्टएक्स ११ मध्ये मेमरीची व्यवस्था, कोणते काम कोणाच्या आधी व्हायला हवे याचा मेळ, अशा अनेक गोष्टी ड्रायव्हर पडद्याआड सांभाळत असे. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१६ मध्ये आलेल्या वल्कनने ही जबाबदारी बव्हंशी खेळ लिहिणाऱ्यांकडे दिली आणि सूचना तयार करण्याचे काम अनेक थ्रेडमध्ये वाटण्याची मोकळीक दिली. म्हणून 'ओझे कमी' हे विधान तत्त्वतः बरोबर आहे. परंतु ड्रायव्हर त्यातून नाहीसा झालेला नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या ड्रायव्हरला प्रोसेसरचा सारखाच वेळ लागतो असेही नाही. हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनलने मार्च २०२१ मध्ये जुन्या, धिम्या प्रोसेसरांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा डायरेक्टएक्स १२ च्या अनेक खेळांत एनव्हिडियाची जीफोर्स कार्डे त्यांच्याहून कमी ताकदीच्या एएमडीच्या रेडिऑन कार्डांच्या मागे पडलेली दिसली. डायरेक्टएक्स ११ मध्ये परिस्थिती दीर्घकाळ याच्या उलट होती. तिथे रेडिऑनचा ड्रायव्हर जड मानला जाई आणि एएमडीने २०२२ मध्ये त्यात बरीच सुधारणा केली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डाबाबतही तेच झाले. ताज्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी किमतीच्या मानाने उत्तम होती, पण जुन्या सहा-कोअर प्रोसेसरांवर अनेक खेळांत ती लक्षणीय घसरते हे पुढच्याच महिन्यात समोर आले.

कार्डांची बहुतेक परीक्षणे बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केलेली असतात, आणि कार्डांची आपसांत तुलना करायची तर ते योग्यच आहे. मात्र आपल्याकडे असंख्य लोक जुन्या संगणकात नवे कार्ड टाकतात, आणि त्यांच्या घरी ते आकडे दिसत नाहीत. कार्ड निवडताना 'माझ्या प्रोसेसरवर हे किती चालेल' हा प्रश्न आधी विचारला जावा, आणि विक्रेत्यांनीही तो ग्राहकाला विचारावा, असे मला कळकळीने वाटते.

धायरीफाटा

गर्दीची घनता कमी करून आणि रे ट्रेसिंग बंद करून पाहिले. खेळ खेळण्याजोगा झाला आहे. तरीही पुढची काही वर्षे हाच बोर्ड ठेवायचा असल्यामुळे प्रोसेसर बदलावा असे वाटू लागले आहे. माझ्या अंदाजपत्रकात रायझन ५ ५६०० बसतो. ५८००एक्स३डी मिळाला तर पाहावा का? आणि बदलताना काय काळजी घ्यावी?

कसबेकर

५६०० घ्या. एप्रिल २०१८ च्या २६०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) असून ती आठ-आठच्या दोन गटांत विभागलेली आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश सहाही कोअरना सामायिक आहे आणि प्रत्येक कोअर मुळातच बराच वेगवान आहे. ज्या एक-दोन थ्रेडवर तुमचा खेळ खोळंबतो, त्यांना नेमका याचाच फायदा होतो. ५८००एक्स३डी ची ९६ एमबी कॅश खेळांसाठी अप्रतिम आहे, पण ४०६० च्या जोडीला त्याची पूर्ण ताकद क्वचितच लागेल. वापरलेला स्वस्तात मिळतो म्हणून न तपासता घेण्यापेक्षा पावती आणि वॉरंटीसह नवा ५६०० बरा.

प्रोसेसर काढण्याआधी बायॉस अद्ययावत करा. हा क्रम उलटा झाला, तर जुन्या बायॉसवर नवा प्रोसेसर सुरूच होणार नाही आणि जुना पुन्हा बसवावा लागेल. मदरबोर्डच्या संकेतस्थळावर प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर जी बायॉस आवृत्ती दिली असेल, ती किंवा तिच्यानंतरची आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या. बायॉस लिहिले जात असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करा आणि पावसाळी संध्याकाळ टाळा. नव्या बायॉसचा आणखी एक लाभ आहे. काही रायझन संगणकांत एफटीपीएम या अंगभूत सुरक्षा-सुविधेमुळे मधूनच सगळेच अडखळते, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले होते, आणि त्यावरचा इलाज बायॉसच्या अद्ययावत आवृत्तीतूनच आला. मात्र हा त्रास होतो म्हणून एफटीपीएम बंद करून ठेवू नका; विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा खेळ त्याशिवाय चालत नाही.

अद्ययावत केल्यावर एक्सएमपीची निवड पुसली जाते, ती पुन्हा करा. ५६०० वर ३२०० चा वेग अधिकृतपणे चालतो, त्यामुळे तुमच्या रॅम आता पूर्ण वेगाने चालाव्यात.

कूलर काढताना मात्र घाई करू नका. तुमच्या बोर्डच्या एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नव्हे. जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासोबत उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटे एखादा खेळ चालवून प्रोसेसर गरम होऊ द्या. मग संगणक बंद करून वीजजोडणी काढा आणि कूलरचे स्क्रू सोडवून तो हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे पिळत सैल करा. पेस्ट सुटल्याचे हाताला जाणवले की मगच उचला. तुमच्या भागात बांधकामांची धूळ बरीच असते, तेव्हा त्याच वेळी पंख्याची पाती आणि हीटसिंकच्या फटी ब्रशने साफ करून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत तापमान वाढून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागला, तर नव्या प्रोसेसरचाही उपयोग होणार नाही.

मुठाकाठ

एक पुरवणी. नवा प्रोसेसर बसल्यावर बायॉसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) चालू करा. २६०० वर त्याला अधिकृत पाठिंबा नव्हता, ५६०० वर आहे. बी४५० बोर्डचा कार्डाशी जोडणारा मार्ग पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा आहे आणि ४०६० त्याच्या आठच लेन (पदर) वापरते; कार्डाची मेमरी भरली की माहिती याच अरुंद मार्गाने ये-जा करते, त्यामुळे कार्डाची ८ जीबी मेमरी भरू न देणे तुमच्यासाठी इतरांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. टेक्स्चरची पातळी त्या हिशेबाने ठेवा, आणि त्याच बाजारात उभे राहून जीपीयू बिझीचा आकडा पुन्हा पाहून इथे कळवा. तो एकूण फ्रेमच्या वेळेच्या अगदी जवळ आला असेल, तर यापुढे अडथळा कार्डाचा आहे आणि तेव्हा डीएलएसएस बदलून फरक दिसेल.